पैसे मेगावॅटला, वीज कोणत्या तासाला?

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या, तेव्हा खालच्या गावांतली माणसे म्हणायची, चला, आपला लाईटचा प्रश्न मिटला. प्रश्न मिटला खरा, पण तो भलत्यांचा. त्या चक्क्यांच्या मालकांत वीजधंद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या कंपन्या बऱ्याच होत्या. त्यांना इतक्या लांब, या माळावर खेचून आणले ते वाऱ्याने नव्हे, आयकराच्या घसाऱ्याने. पवनचक्कीच्या किमतीवर ८० टक्के घसारा दाखवता येई. तेवढा नफा हिशेबातून वजा होई आणि त्या वर्षापुरता कर टळे. यंत्र वर्षात १८० दिवस वापरात असेल तर पूर्ण घसारा, त्याहून कमी दिवस असेल तर निम्मा. सप्टेंबर संपायच्या आत चक्की उभी राहिली की मार्चअखेर १८० दिवस भरतात. आता धुळ्याच्या पठारांवर खरा वारा असतो तो पावसाळ्यात. म्हणजे वाऱ्याचा हंगाम सरता सरता चक्की उभी करायची, हिवाळाभर ती नावापुरती फिरली तरी हरकत नाही, सरकारी लाभ पूर्ण पदरात.

हे सरकारच्या ध्यानात आले नाही असे नाही. डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने दुसरी वाट काढली: ग्रीडला दिलेल्या दर युनिटमागे ५० पैसे. हा विचार शहाणपणाचा होता, कारण त्यात पैसे विजेला होते, लोखंडाला नव्हते. पण २०१२ साली वाढीव घसारा बंद होताच देशातली नव्या पवनचक्क्यांची उभारणी वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली, ओरड झाली, आणि २०१४ साली घसारा परत आला. २०१७ पासून तो ४० टक्क्यांवर आहे. या सगळ्या येरझाऱ्यांत साक्रीच्या माणसाने कधी विचारले असते की बाबांनो, या पैशांच्या बदल्यात आम्हाला कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी किती वीज मिळायची होती, तर उत्तर देणारे कोणी नव्हते. कारण तशी अट कुठल्याच कागदावर नव्हती.

वीज पुरेशी मिळावी म्हणून सरकार पैसे देते. अनुदान, करसवलत, हमी, भांडवली मदत, स्वस्त जमीन, अशा नाना वाटांनी देते. ते देऊ नये असे माझे म्हणणे नाही. वीज ही अशी चीज आहे की नुसत्या बाजारावर सोडली तर बाजार जळगाव जिल्ह्यातल्या रावेरच्या शेवटच्या खांबापर्यंत यायचाच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की हे पैसे देण्यावर कायद्याचे बंधन हवे, आणि ते बंधन वेळेशी बांधलेले हवे. अमुक तासाला वीज देईन, नाही दिली तर पैसे परत, असे कायद्याने बजावता आले पाहिजे. आज ते येत नाही. ग्राहकाला दिलेल्या सवलतीला कायद्याची चौकट आहे. उत्पादकाला आणि गुंतवणूकदाराला दिलेल्या सवलतीला बहुतेक वेळा मंत्रालयातून निघालेला शासन निर्णय पुरतो.

ग्राहकाच्या सवलतीची चौकट म्हणजे वीज कायदा २००३ चे कलम ६५. राज्य सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त किंवा फुकट वीज द्यायची असेल तर राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दरातला फरक सरकारने वितरण कंपनीला आगाऊ भरायचा. भरला नाही तर सवलतीचा आदेश लागूच होत नाही, आयोगाचा दर चालू होतो. मोजक्या शब्दांत केलेली ही तरतूद कायद्यातल्या उत्तम तरतुदींपैकी एक आहे. २००४ च्या विधानसभा निवडणुकीआधी महाराष्ट्रात शेतीला फुकट वीज जाहीर झाली आणि निवडणूक उरकल्यावर २००५ मध्ये ती बंद झाली, हे आमच्याकडच्या जुन्या लोकांना अजून आठवते. २०२४ च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली: साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे पंप, सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपये, एप्रिल २०२४ ते मार्च २०२९. हे पैसे सरकार वितरण कंपनीला देणार. केंद्राने २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून अशा अनुदानाचा तिमाही हिशेब ठेवायलाही लावला. सगळे ठीक. पण कलम ६५ बघते ते एवढेच की सरकारने कंपनीचे पैसे चुकते केले की नाही. कंपनीने शेतकऱ्याला वीज दिली की नाही, हा त्या कलमाचा विषयच नाही. बिल शून्य आले, मोटर मात्र बंद, असे झाले तरी कायद्याच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झाला!

मे महिन्यात रावेर-यावल पट्ट्यात या. पारा ४५ च्या वर, केळीची पाने कडेने करपायला लागलेली, निसवलेल्या बागेत घड उन्हाने काळे पडू नयेत म्हणून सुकी पाने बांधलेली. या दिवसांत केळीला पाण्याचा एक दिवस चुकला तर त्याचा हिशेब घडाच्या वजनात निघतो. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे येणाऱ्या वाहिनीला, मोटर चालवणारी थ्री फेज वीज आठ-दहा तास, त्यातही चक्राकार वेळापत्रक: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. म्हणून शेतकरी मोटरीला ऑटो स्विच बसवून ठेवतो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू. एकाचा नाही, फीडरवरच्या प्रत्येकाचा ऑटो स्विच. मग ज्या क्षणी थ्री फेज येते, त्याच क्षणी शेकडो मोटरी एकदम दणका देतात. मोटर सुरू होताना तिला चालू प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. व्होल्टेज सावरणारे कपॅसिटर कुणी बसवलेले नसतात. व्होल्टेज बसते, स्टार्टर टकटक करतो, डीपीचा, म्हणजे रोहित्राचा, फ्यूज उडतो किंवा डीपीच जळतो. वीज कंपनी म्हणते ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा. तांत्रिकदृष्ट्या तिचे खरे आहे. पण लाईट किती वाजता येईल आणि किती वेळ टिकेल याचा भरवसा असता तर ऑटो स्विच कुणी लावला असता? तो आळसापोटी लावलेला नसतो. रात्री दीड वाजता शेतात जायला नको म्हणून लावलेला असतो. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा रात्रीच्या पाळीचे पाणी भरायला जाणाऱ्या घरांत काय वातावरण होते ते वेगळे सांगायला नको.

डीपी जळाला की पुढचे सोपस्कार सगळ्यांना तोंडपाठ आहेत. आयोगाच्या मानकांप्रमाणे ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलले पाहिजे, आणि न बदलल्यास ग्राहकाला भरपाईचा हक्क आहे. कायद्याचे कलम ५७ त्यासाठीच आहे. प्रत्यक्षात डीपीवरचे आठ-दहा शेतकरी वर्गणी काढतात. एक जण ट्रॅक्टर देतो, दुसरा डिझेल. जुना डीपी उतरवून तालुक्याला न्यायचा, नवा किंवा दुरुस्त केलेला आणायचा, वायरमनच्या मागेपुढे करायचे. भरपाईचा अर्ज कुणी करत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच वायरमनशी गाठ आहे. (अर्ज केला असता तर भरपाईचे पैसे शेवटी दरातूनच, म्हणजे आपल्याच खिशातून आले असते का, हा आणखी वेगळा गुंता.) आता बघा, १४,७६० कोटींच्या अनुदानाला या ४८ तासांची अट जोडायला काय हरकत होती? ज्या फीडरवर मानके पाळली गेली नाहीत त्या फीडरच्या अनुदानातून कपात, आणि कपातीची रक्कम थेट त्या फीडरवरच्या शेतकऱ्यांना. तेवढे एक वाक्य शासन निर्णयात असते, तर वर्गणी काढायची वेळ कुणावर आली असती हे बघायला मजा आली असती.

पुरेशी वीज म्हणजे काय, याची व्याख्या करायचा प्रयत्न आपल्या कायद्याने अलीकडे केला आहे. डिसेंबर २०२२ च्या वीज दुरुस्ती नियमांत ‘संसाधन पर्याप्तता’ आली. जून २०२३ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या आयोगाने आपले विनियम केले. सार असे, की वितरण कंपनीने पुढच्या काही वर्षांची मागणी तासातासाने मांडायची आणि ती भागेल एवढी क्षमता आधीच करारात बांधून ठेवायची. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटला भिडली आणि राज्याचीही आता २५ हजार मेगावॅटच्या पलीकडे जाते, तेव्हा हे नियोजन हवेच होते. फक्त एक गोष्ट खटकते. हा सगळा हिशेब राज्याच्या पातळीवर होतो. राज्य भार प्रेषण केंद्राच्या पडद्यावर मागणी आणि पुरवठा जुळले की वीज पुरेशी. सावद्याजवळच्या एखाद्या ११ केव्ही फीडरच्या शेपटाला व्होल्टेज किती, हे त्या पडद्यावर दिसत नाही. आमच्याकडे टंचाई बहुतेक वेळा तारेत आणि रोहित्रात असते. ती मेगावॅटच्या कोष्टकात सापडत नाही, म्हणून तिच्यावर खर्च करायला प्रोत्साहनही कुणी देत नाही. नवीन प्रकल्पाच्या भूमिपूजनाला मंत्री येतात. फीडरच्या दुभाजनाला नारळ फोडायला कोण येणार?

क्षमतेला पैसे देणे ही कल्पना मुळात वाईट नाही, आणि इथे दीपनगरचे उदाहरण घ्यावे लागेल. भुसावळच्या या केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, २१० चे जुने युग सरत आले आणि ६६० मेगावॅटचा सहावा संच उभा राहिला. कोळसा लांबून रेल्वेने येतो, त्यामुळे इथली वीज कधी स्वस्त ठरते, कधी महाग. स्वस्त संच आधी चालवायचा, महाग नंतर, याला मेरिट ऑर्डर म्हणतात; तिच्यात नंबर खाली गेला की संच बंद ठेवतात. भुसावळच्या जुन्या संचांवर ती पाळी वारंवार आली. पण संच बंद असला तरी त्याचा स्थिर खर्च ग्राहकाच्या दरातून जातच असतो, कारण करारात पैसे चालण्याचे नसून उपलब्ध असण्याचे असतात; सर्वसाधारणपणे वर्षात ८५ टक्के उपलब्धता दाखवली की स्थिर खर्च पूर्ण मिळतो. आमच्याकडे पाडव्याला नाहीतर आखाजीला सालदार ठरतो. त्याला वर्षाचे पैसे बोलतात. भर उन्हाळ्यात वावरात काम नसले म्हणून कुणी त्याचा पगार कापत नाही. मात्र मृगाचा पाऊस पडून वाफसा आला आणि सालदार नेमका त्या आठवड्यात गायब झाला, तर मालक ऐकून घेत नाही. वर्षाची सरासरी हजेरी ८५ टक्के भरते की, असे सांगून त्याची सुटका होत नाही. वीजकेंद्रांच्या बाबतीत वर्षानुवर्षे सरासरीवर भागत होते. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१९ च्या दर विनियमांत ही खोड सुधारली: जास्त मागणीचा हंगाम आणि रोजचे पीक तास वेगळे काढले, आणि त्या वेळची उपलब्धता त्या वेळीच मोजायला लावली. कायद्याने हे करता येते याचा तो घरचाच पुरावा आहे. हीच फूटपट्टी सरकारी प्रोत्साहनाला का लावू नये?

न लावल्याचा धडा महाराष्ट्राने दाभोळला एकदा भरपूर पैसे मोजून शिकला आहे. १९९२ साली केंद्राने खासगी वीजकेंद्रांना ६८.५ टक्के भारांकावर (म्हणजे केंद्र क्षमतेच्या तेवढे टक्के चालले की) १६ टक्के परताव्याची खात्री दिली. त्याच जूनमध्ये एन्रॉनशी समजुतीचा करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार. स्पर्धात्मक निविदा नव्हती. राज्य सरकारची हमी होती आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. वीज हवी, टंचाई आहे, वेळ घालवू नका, हा त्या वेळचा मंत्र. १९९५ मध्ये करार मोडला, पुन्हा वाटाघाटी झाल्या, मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती वीज घेणेच थांबवले, कारण परवडेना. कराराची फेरतपासणी करायला माधव गोडबोले समिती बसली तीही त्याच वर्षाच्या सुरुवातीला. वरातीमागून घोडे. दाभोळची चर्चा बहुतेकदा भ्रष्टाचार आणि राजकारण याभोवती फिरते. मला त्यातली कायद्याची पोकळी जास्त महत्त्वाची वाटते: एवढी मोठी हमी देण्याआधी एवढी वीज लागणार आहे का, हे सरकारबाहेरच्या कुणासमोर सिद्ध करण्याचे बंधन सरकारवर नव्हते. आयोग तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

आता आयोग आहे, कलम ६३ खाली स्पर्धात्मक बोली आहे. पण सरकारने एकदा शब्द दिला की कायदा कुणाच्या बाजूने उभा राहतो ते बघा. मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या खटल्यात डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारच्या आश्वासनावर विसंबून उद्योगाने पैसा ओतला असेल तर सरकारला शब्द फिरवता येणार नाही. पुढच्या निकालांनी सार्वजनिक हिताचा अपवाद रुंद केला, पण तत्त्व टिकून आहे. न्याय्यच आहे ते. फक्त हे तत्त्व कारखानदाराला उपयोगी पडते, कारण त्याच्याकडे आश्वासनाचा कागद असतो, गुंतवणुकीचा हिशेब असतो आणि वकील असतो. ‘दिवसा बारा तास वीज देऊ’ या भाषणावर विसंबून ज्याने बोअर खोल केला, ठिबक अंथरले, केळीची टिश्यूकल्चर रोपे लावली, त्याने कोणता कागद दाखवायचा?

उलट दिशेनेही हेच. इंडोनेशियातला कोळसा महागला म्हणून करारातला दर वाढवून द्या, या वीजकंपन्यांच्या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये स्पष्ट निकाल दिला: ही दैवी आपत्ती नव्हे, धंद्यातली जोखीम आहे. पाच वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई आली, राज्यात पुन्हा भारनियमन सुरू झाले. ५ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने वीज कायद्याचे कलम ११ वापरून आयात कोळशावरची वीजकेंद्रे पूर्ण क्षमतेने चालवायचा आदेश दिला, आणि वाढीव खर्च वसूल करायची सोयही करून दिली. त्या उन्हाळ्यात दुसरा मार्ग होता का, यावर वाद घालता येईल. मला तरी चटकन दुसरा दिसत नाही. पण त्याचा अर्थ काय झाला हेही बघितले पाहिजे. कराराच्या दरात वीज देणे परवडत नाही म्हणून हात आखडता घेतलेल्यांना, टंचाई तीव्र होताच जास्त दर मिळाला. टंचाईत भाव वाढतो हे बाजाराचे झाले. पण जिथे टंचाई येऊ नये म्हणूनच पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार केले होते, तिथे ऐन गरजेच्या दिवशी कराराची दंडाची कलमे बाजूला पडली.

युरोपात या प्रश्नावर स्वतंत्र कायदाच उभा राहिला आहे, आणि तो इथे सांगण्यासारखा आहे. युरोपीय संघाच्या मूळ कराराच्या कलम १०७ आणि १०८ नुसार सदस्य सरकारने उद्योगाला द्यायची मदत, काही अपवाद सोडता, आधी युरोपीय आयोगाला कळवावी लागते. मंजुरीशिवाय पैसे देता येत नाहीत. वीजकेंद्रांना ‘क्षमता राखल्याबद्दल’ पैसे द्यायची टूम निघाली तेव्हा आयोगाने २०१५-१६ मध्ये ११ देशांतल्या ३५ योजना तपासल्या. निष्कर्ष असा निघाला की बऱ्याच सरकारांनी खरोखर तुटवडा पडणार आहे का, हेच नीट तपासले नव्हते. २०१९ च्या वीजबाजार विनियमाने म्हणून अटी घातल्या: आधी पर्याप्ततेचा अभ्यास, आधी बाजारातले दोष दुरुस्त करायचा आराखडा, मग स्पर्धा, ती सर्व तंत्रांना खुली, टंचाईच्या वेळी वीज न दिल्यास दंड, दहा वर्षांहून जास्त मुदतीची मंजुरी नाही, आणि युनिटमागे ५५० ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन सोडणाऱ्या नव्या केंद्रांना पैसे नाहीत. मदतीला आधी मंजुरी हवी, या मूळ नियमाचा दणका टेम्पस नावाच्या एका छोट्या ब्रिटिश कंपनीने त्याआधीच दाखवला होता. तिचा धंदा वीज बनवण्याचा नव्हता. टंचाईच्या तासाला ग्राहकांचा वापर कमी करून देण्याचा होता. नव्या वीजकेंद्राला पंधरा वर्षांपर्यंतचा करार आणि आम्हाला एकाच वर्षाचा, हा पक्षपात आहे, अशी तिची तक्रार. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपच्या कनिष्ठ न्यायालयाने ब्रिटनच्या योजनेला आयोगाने दिलेली मंजुरी रद्द केली आणि ब्रिटनच्या अख्ख्या क्षमताबाजाराची देणी जवळजवळ वर्षभर थांबली. २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक तर कायद्याच्या अटी असल्या म्हणजे सगळे सुरळीत होते असे नाही. वर्षभर देणी थांबणे ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. आणि २०२४ मध्ये युरोपनेच ‘हे उपाय तात्पुरते असावेत’ ही अट सैल केली. युक्रेनच्या युद्धाने त्यांनाही हादरवले होते. तरीही एक छोटा खेळाडू उठून सरकारला विचारू शकला की हे पैसे यांनाच का, आणि त्याला न्यायालयाने दारातून हाकलले नाही, हे मला मोलाचे वाटते. आपल्याकडे केंद्रीय योजनेबाबत असा प्रश्न कुठे विचारायचा? देणारेही सरकार, तपासणारेही सरकार. कॅगचा अहवाल येतो, पण तो पैसे खर्च होऊन गेल्यावर. राज्याच्या आयोगापुढे दरवाढीची जनसुनावणी होते, आमच्यासाठी ती नाशिकला. केळी उतरवायची सोडून रावेरचा माणूस तिथे पोचला तरी त्याला बोलता येते ते दरावर. त्या दरामागे सरकारने कुणाला काय कबूल केले आहे, हा विषय याचिकेत नसतोच.

आता सौर कृषी वाहिनीकडे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटवर नेले. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. शेतीचे फीडर दिवसा चालणार. खानदेशात ऊन ही आमची एकमेव अशी दौलत आहे की जिचा कधी तुटवडा पडला नाही, तेव्हा या योजनेचे मी मनापासून स्वागत करतो; रात्रीचे पाणी भरणे बंद होणे हीच मोठी सुधारणा आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासूनच आहे. तरी प्रश्न उरतोच. प्रोत्साहन मेगावॅट लवकर उभे करण्याला आहे. ढगाळ जुलैमध्ये, किंवा पॅनेलवर धूळ साचून निम्मी वीज आली तर त्या फीडरच्या शेतकऱ्याला काय, हे त्याच्या हातात पडणाऱ्या कोणत्याही कागदावर नाही. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर गावठाणाच्या फीडरला लागणारी वीज सौर पॅनेल देत नाहीत. त्यासाठी साठवणूक लागते. बॅटरी प्रकल्पांना केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत जाहीर केली. पुन्हा तेच: मदत भांडवलाला.

आणि जमिनीचे विसरता येत नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला तुटपुंजा मिळाला म्हणून जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि ते त्यातच गेले. प्रकल्पाला जमीन मिळवून देणे हेही सरकारी प्रोत्साहनच असते, आणि त्याची किंमत कुठल्याच अनुदानाच्या कोष्टकात येत नाही.

उद्योगांच्या सवलतीबद्दल थोडक्यात. विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि इतर मागास तालुक्यांतल्या उद्योगांना २०१६ पासून वीजदरात सवलत दिली, वर्षाला १,२०० कोटींची तरतूद केली. जळगाव-धुळ्यात कारखाने यावेत हा हेतू कुणालाही पटेल. पण सवलत वापरलेल्या युनिटवर असली की ज्याची भट्टी मोठी त्याची सवलत मोठी. एमआयडीसीत चार कामगार घेऊन पाइप नाहीतर चटई बनवणाऱ्याच्या वाट्याला किती आले, हे त्यालाच विचारा.

गुंतवणूकदार बिचकतील, हा नेहमीचा आक्षेप. इतक्या अटी घातल्या तर कोण येईल? मला वाटते उलटे आहे. २०१२ साली घसारा रातोरात बंद झाला तेव्हा बिचकलेले गुंतवणूकदार अटींना घाबरले नव्हते, लहरीला घाबरले होते. कायद्याने मुदत आणि अटी आधीच लिहून ठेवल्या तर लहरीला जागा कमी राहते. दुसरा आक्षेप घाईचा: टंचाई दारात उभी असताना अभ्यास कसले करता? खरी आणीबाणी असेल तर कलम ११ आहेच. पण तिच्या नावावर पंचवीस वर्षांचे ओझे बांधून घ्यायचे नाही, हे दाभोळनंतर तरी कुणाला पटवून द्यावे लागू नये.

माझी मागणी कलम ६५ चे जुळे भावंड मागण्याएवढी साधी आहे. ज्याप्रमाणे पैसे आगाऊ भरल्याशिवाय ग्राहकाची सवलत लागू होत नाही, त्याप्रमाणे गरज सिद्ध करणारा अभ्यास आयोगापुढे ठेवून त्यावर जाहीर सुनावणी झाल्याशिवाय उत्पादकाचे, गुंतवणूकदाराचे वा साठवणुकीचे कोणतेही प्रोत्साहन लागू होऊ नये. त्यात तास लिहिलेले असावेत, ते हुकल्यास परतफेड लिहिलेली असावी. मागणी कमी करून देणाऱ्यालाही, म्हणजे फीडरवर कपॅसिटर बसवणाऱ्या शेतकरी गटालाही, त्या पैशांसाठी बोली लावता यावी. एखाद्या डीपीवरच्या दहा जणांनी मोटरी पाळीपाळीने सुरू करायचे कबूल केले तर वाचलेला भार हा कुठल्याही नव्या केंद्राच्या मेगावॅटएवढाच खरा असतो. केंद्राच्या योजनांना हे लावायचे तर संसदेतच दुरुस्ती लागेल, वीज समवर्ती सूचीत आहे. राज्याच्या योजनांसाठी विधिमंडळ पुरेसे आहे.

तोवर हाताशी एक संधी आहे. मोफत वीज योजनेच्या शासन निर्णयात तीन वर्षांनी आढावा घ्यायचे लिहिले आहे, म्हणजे २०२७. त्या आढाव्यात किती कोटी दिले आणि किती शेतकऱ्यांना दिले हे आकडे येतीलच. त्यासोबत प्रत्येक शेती फीडरला महिन्याकाठी किती तास थ्री फेज मिळाली, त्यातले दिवसाचे किती आणि जळालेला डीपी किती तासांनी बदलला, हा तक्ताही विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा, असे जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या आमदारांना आतापासून लेखी विचारायला हरकत नाही. फीडरचे मीटर उपकेंद्रात बसलेलेच आहेत; तासांची माहिती नव्याने गोळा करायची गरज नाही.